ऑटिस्टिक व्यक्तीच्या आजूबाजूच्या माणसांचं प्रशिक्षण : पहिल्यांदा सुरू करणाऱ्यांसाठी

ऑटिझम (स्वमग्नता) असलेलं मूल थेरपी केंद्रात आठवड्याला जेमतेम दोन-तीन तास असतं. तालुक्याच्या गावात तर तेवढंही मिळत नाही. बाकीचा सगळा वेळ ते आजी-आजोबा, अंगणवाडीच्या ताई, रिक्षाकाका, शाळेतल्या मावशी, सोसायटीचा वॉचमन, सलूनमधले दादा यांच्याबरोबर असतं, आणि यांतल्या बहुतेकांना ऑटिझमबद्दल कुणी कधी बसून काही सांगितलेलं नसतं. मूल मोठं झालं की थेरपी सुटते, ही माणसं मात्र राहतात. त्यांना तयार करण्याचं काम पालक, शिक्षक, कार्यकर्ते यांच्यापैकी कुणीही हाती घेऊ शकतं. कसं करायचं ते क्रमाने सांगते.

त्याआधी एका गोष्टीवर आपलं एकमत हवं. या प्रशिक्षणात बदलायचं आहे ते आपलं बोलणं, आपली खोली, आपली घाई. ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही असं आपण म्हणतो, पण इतरांनाही त्याचं तितकंच कळत नसतं. अडचण दोन माणसांच्या मधली आहे. हे ज्याला पटत नाही त्याने प्रशिक्षण द्यायला उभं राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण मग त्या सगळ्याचा रोख 'मुलाला शांत कसं बसवायचं' इथेच येऊन थांबतो.

१. आधी एका व्यक्तीचा आठवडा लिहून काढा

'समाजात जागृती' असा मोठा विषय घेऊन बसू नका. तुमच्या ओळखीतली एकच ऑटिस्टिक व्यक्ती घ्या. तिच्या घरच्यांच्या परवानगीने, आणि ती सांगू शकत असेल तर तिच्याशी बोलून, सोमवार ते रविवार ती कुणाकुणाला भेटते ते कागदावर मांडा. शाळेचं फाटक कोण उघडतं? डबा उघडायला मदत कोण करतं? रिक्षात पुढे कोण बसतं? दर गुरुवारी देवळात प्रसाद कोण देतं? प्रत्येक नावापुढे लिहा : इथे सगळं नीट होतं, की अडतं?

अशा यादीत पंधरा-वीस माणसं सहज निघतात. त्यांतल्या जिथे अडतं अशा सात-आठ जणांपासून सुरुवात करा. हाच तुमचा पहिला गट. एका मुलासाठी जमलेली माणसं पुढच्या मुलाला आपोआप उपयोगी पडतात, कारण गावात सलून एकच असतं आणि अंगणवाडीही एकच.

२. जागा, वेळ आणि बोलणारी माणसं

लोकांना नव्या बैठकीला बोलावण्यापेक्षा ते आधीच जमतात तिथे जा. शिक्षकांची केंद्रस्तरावरची शिक्षण परिषद असते. केंद्रप्रमुखांना भेटून तिथला एक तास मागा. अंगणवाडी सेविकांच्या बैठकीसाठी पर्यवेक्षिकांना भेटा. आशाताईंसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र. रिक्षाकाकांसाठी रिक्षा स्टँडवरची दुपारची निवांत वेळ. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळेत शिकता यावं यासाठीचे, विशेष शिक्षक असतात. त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, कारण पुढचा पाठपुरावा त्यांच्याशिवाय होत नाही.

एका वेळी बारा-पंधरा जणांपेक्षा जास्त नकोत. हॉल भरला की फोटो चांगला येतो, पण सराव होत नाही.

बोलणाऱ्यांत निदान एक पालक आणि शक्य असेल तर एक ऑटिस्टिक प्रौढ व्यक्ती असावी. ती व्यासपीठावर बोलेलच असं नाही. लिहून पाठवेल, आवाज रेकॉर्ड करून देईल, टॅबवर टाइप करून उत्तरं देईल. ते सगळं बोलणंच आहे. तिला मानधन द्या. आणि एक नियम कडक पाळा : त्रासात असलेल्या, रडणाऱ्या मुलाचा व्हिडिओ कुठल्याही सत्रात दाखवायचा नाही, पालकांनी परवानगी दिली तरीही. मोठेपणी त्या मुलाला तो पाहायला मिळाला तर काय वाटेल, एवढा विचार पुरेसा आहे.

३. ऑटिझम म्हणजे काय : हे वीस मिनिटांत उरका

नवखे प्रशिक्षक इथेच दोन तास घालवतात. लोकांना इतकंच कळायला हवं : ऑटिझम म्हणजेच स्वमग्नता हा जन्मापासून असलेला मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे, तो आजार नाही आणि आयुष्यभर सोबत राहतो. संवाद, इतरांशी वागणं, आवाज-प्रकाश-स्पर्श जाणवणं आणि त्याच त्या गोष्टींची ओढ यांत तो दिसतो. प्रत्येकात वेगळा दिसतो. कुणी एक शब्द बोलत नाही, कुणी इंजिनीअर होतं, आणि दोघांनाही आधार लागतो.

मग गैरसमज. आईने वेळ दिला नाही म्हणून असं झालं, हा आरोप विसाव्या शतकाच्या मध्यात मोठमोठ्या तज्ज्ञांनीही केला होता आणि तो साफ चुकीचा ठरला. लसीमुळे होतं म्हणणारा ब्रिटनमधला १९९८ चा लेख २०१० मध्ये त्याच नियतकालिकाने मागे घेतला. आशाताईंना हे नक्की सांगा, कारण लसीकरणाच्या दिवशी प्रश्न त्यांना विचारला जातो.

अंगणवाडी आणि आशाताईंच्या गटासाठी वीस मिनिटं जास्त घ्या आणि लक्षणं सांगा. वर्षाचं होऊनही नावाने हाक मारल्यावर वळून न पाहणं, बोटाने न दाखवणं. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणं. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द स्वतःहून न जोडणं. आणि कुठल्याही वयात, येत असलेले शब्द किंवा हसणं-बघणं गमावणं. यांतलं काही दिसलं तर 'ऑटिझम आहे' असं म्हणायचं नाही. निदान हे त्यांचं काम नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, पण त्याची वाट बघत बसू नये. ऐकू येण्याची तपासणी आणि जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी केंद्र (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणारं केंद्र), हे दोन पत्ते आईच्या हातात द्यायचे. 'मुलगा आहे, उशिरा बोलेल, त्याचा बापही उशिरा बोलला' हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. ते म्हणणाऱ्या आजीशी वाद घालू नका. 'बोलेलही, आजी, पण कान तपासून यायला काय हरकत आहे?' एवढं म्हटलं की आजीच सुनेला बसमध्ये बसवून देते.

४. बोलायचं कसं : अर्धा वेळ इथे द्या

माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणाचा गाभा हा आहे.

पहिला सराव. गटाला न येणारी भाषा बोलणारं कुणी शोधा. सोलापुरात कन्नड-तेलुगू चालणार नाही, ती निम्म्या गटाला येते. तिथे मल्याळम किंवा बंगाली बघा. त्या व्यक्तीने भरभर, हसतमुखाने, तीन-चार सूचना द्यायच्या : उठा, खुर्ची बाजूला ठेवा, वही आणा, दाराशी उभे राहा. कुणाला जमलं नाही की तेच पुन्हा मोठ्या आवाजात. तिसऱ्यांदा थोडं रागावून. दोन मिनिटांत चेहरे बदलतात. मग तीच व्यक्ती एकच शब्द बोलते, वहीकडे बोट करते आणि थांबते. सगळे वही उचलतात. आता विचारा : मोठा आवाज उपयोगी पडला का? राग आला तेव्हा आत काय झालं?

मग आपल्या रोजच्या वाक्यांकडे या. 'अरे बाळा चल पटकन, बघ कोण आलंय, काकांना नमस्कार कर, आणि चप्पल कुठे टाकलीस?' यात चार कामं आहेत, त्यांतलं एक प्रश्नाच्या रूपात आहे आणि 'बघ कोण आलंय' याचा खरा अर्थ 'बाहेर ये' असा आहे. प्रत्येकाला रोज तोंडात येणारं असं एक वाक्य लिहायला लावा आणि ते मोडून द्या. आधी नाव. मग एक काम. मग थांबणं.

थांबणं शिकवावंच लागतं. मनात दहापर्यंत मोजायला सांगा आणि जोडीजोडीने करून घ्या. चार आकडे झाले की बहुतेकांच्या तोंडून तीच सूचना पुन्हा निघते. ज्या मुलाला ऐकलेलं समजून घ्यायला सात-आठ सेकंद लागतात, त्याला दर चौथ्या सेकंदाला पुन्हा सांगणं म्हणजे दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करायला लावणं.

याच सत्रात आणखी काही गोष्टी येतात. डोळ्यात बघायचा आग्रह धरायचा नाही. न बघताही ऐकता येतं, काहींना तर न बघितल्यावरच ऐकता येतं. ऐकलेलं वाक्य तसंच परत म्हणणं ही थट्टा नसते. 'पाणी हवं का?' असं म्हणत मूल माठाकडे गेलं तर त्याला पाणी हवं आहे. हात हलवणं, गोल फिरणं, एकच आवाज काढणं यातून काहींना शांत व्हायला मदत होते; कुणाला इजा होत नसेल तर ते थांबवू नये. आणि न बोलणाऱ्या माणसासमोर त्याच्याबद्दल 'याला काही कळत नाही हो' असं कधीही बोलायचं नाही. त्याला कळतं, असं धरूनच वागायचं.

चित्रं किंवा टॅब वापरून संवाद करणाऱ्यांबद्दलही सांगा. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' नावाचं ॲप मराठीतही आहे. चित्रांची सवय लावली तर मूल बोलायचं राहील, ही भीती पालकांनाही असते आणि शिक्षकांनाही. तसा पुरावा नाही. संवादाची कुठलीही वाट मिळाली की त्रागा कमी होतो.

५. दहा मिनिटं गप्प बसून ऐका

प्रत्येकाने आपल्या कामाच्या जागी दहा मिनिटं न बोलता बसायचं आणि जाणवेल ते लिहायचं. पंख्याची करकर, ट्यूबलाइटचं फडफडणं, फिनेलचा वास, शेजारच्या वर्गातले पाढे, कुकरची शिट्टी, शाळेची घंटा, दारातल्या चपलांचा ढीग. सलूनवाल्या दादांनी मशिनचा आवाज कानाशी धरून बघायचा आणि मानेवर पडलेले केस तसेच ठेवून पाच मिनिटं बसायचं. ऑटिस्टिक माणसाला यांतलं काही कितीतरी पटीने जास्त जाणवू शकतं, काही अजिबात जाणवत नाही.

मग प्रत्येकाने एकच बदल निवडायचा. मुलाला घंटेपासून लांबच्या बाकावर बसवणं. केस मशिनऐवजी कात्रीने कापणं, तेही गर्दी नसलेल्या मंगळवारी दुपारी. गणपतीत ढोल-ताशा दारासमोरून जाणार असेल तर मंडळाच्या पोरांनी वेळ आधी कळवणं. मंडळं हे आनंदाने करतात, त्यांना कुणी विचारलेलं नसतं इतकंच.

६. 'आधी' आणि 'मग'

एक पुठ्ठा, मधोमध रेघ, डावीकडे 'आधी', उजवीकडे 'मग'. आधी शर्ट, मग झोका. चित्र नको, खरा फोटो लावा : त्याचाच शर्ट, तोच झोका. मोबाईलवर काढून झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्यायचा. ही पाटी प्रत्येकाने सत्रातच बनवायची. घरी जाऊन बनवतो म्हणणारे बनवत नाहीत. 'मग' मध्ये लिहिलेलं खरोखर द्यायचं, लगेच द्यायचं. दोनदा फसवलं की पाटी संपली.

सुट्टी, पाहुणे, बदली शिक्षक असा बदल येणार असेल तर आदल्या दिवशी दाखवायचा. मोठ्यांसाठी तीच पाटी मोबाईलवरच्या यादीच्या रूपात चालते.

७. मेल्टडाउन : करून बघा, नुसतं सांगू नका

हट्टात मूल सहसा आपल्याकडे बघत असतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमध्ये आवाज, गर्दी, बदल यांचं ओझं इतकं झालेलं असतं की ताबाच सुटतो. हवं ते दिलं तरी लगेच थांबत नाही. काही जण ओरडतात, काही जण एकदम गोठून जातात, आणि गोठलेल्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही.

भूमिका वाटून घ्या. एक जण त्रासात, एक मदत करणारा, बाकीचे बघे. मदत करणाऱ्याचं पहिलं काम बघ्यांना हटवणं. मग आवाज आणि उजेड कमी करणं. बोलायचं एकानेच, तेही दोन-तीन शब्द : 'मी इथे आहे.' हात धरायचा नाही, पण रस्ता, विहीर, जिना असा धोका असेल तर आधी त्यापासून दूर न्यायचं. कारण विचारायचं नाही, समजवायचं नाही, शिक्षा सांगायची नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवणं, तोंडावर पाणी मारणं, अंगारा लावणं, यांतलं काहीही नको.

ऑटिस्टिक माणसांत फिट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, म्हणून तेही इथेच सांगा. खरी फिट असेल तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, वेळ बघायची. पाच मिनिटांहून जास्त चालली तर १०८ ला फोन.

शांत झाल्यावर माणूस थकलेला असतो. पाणी, कोपरा, एकांत. चौकशी दुसऱ्या दिवशी, आणि तीही त्याची नाही, आपली : सुरू व्हायच्या आधी अर्धा तास काय काय घडलं होतं?

८. पोलीस, डॉक्टर, रिक्षाकाका

पोलीस ठाण्यात बीट अंमलदारांसाठी अर्धा तास पुरतो. उत्तर न देणं म्हणजे उर्मटपणा नव्हे. पळणं म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. एकच प्रश्न, साधे शब्द, सायरन बंद. हरवलेलं ऑटिस्टिक मूल शोधताना सगळ्यांत आधी पाण्याच्या जागा बघायच्या : विहीर, शेततळं, नदी, पोहण्याचा तलाव. अनेक मुलांना पाण्याची ओढ असते आणि धोक्याची जाणीव नसते. घरच्यांनी ११२ वर कळवताना हे स्वतःहून सांगावं.

दाताच्या डॉक्टरांना विनंती करा की पहिल्या भेटीत काहीही करू नये. खुर्चीत बसायचं, खुर्ची वर-खाली, आरसा हातात, आणि मग घरी परत. रिक्षाकाकांना तीनच गोष्टी : ठरलेली जागा बदलायची नाही, रस्ता बदलणार असेल तर आधी सांगायचं, हॉर्न जपून.

९. घरची माणसं

कुटुंबाचं सत्र वेगळं घ्या आणि रविवारी घ्या, नाहीतर एकट्या आयाच येतात. आईला पुन्हा एक गृहपाठ देणं हा या प्रशिक्षणाचा हेतू नाही. बाबा, आजी, काका यांच्यापैकी प्रत्येकाने रोजचं एक काम स्वतःकडे घेऊनच उठायचं. भावंडांसाठीही अर्धा तास ठेवा. त्यांना मोठ्यांसमोर न विचारता येणारे प्रश्न असतात.

गोव्यात 'संगत' या संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीत एकाच पद्धतीचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ६५ मुलं, सहा महिन्यांत बारा भेटी, आणि भेटी देणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते होते. ते पालक आणि मुलाच्या खेळाचा छोटा व्हिडिओ घेत आणि तो पालकांसोबत बसून बघत. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करू लागली.

पूर्ण पद्धत प्रशिक्षणाशिवाय करता येत नाही, पण तिचा गाभा तुम्हाला वापरता येईल. पाच मिनिटांचा खेळ मोबाईलवर घ्या. बघताना चुका काढू नका. चांगला क्षण आला की व्हिडिओ थांबवा : 'इथे तुम्ही गाडी हातात धरून थांबलात, आणि बघा, त्याने मान वर केली.' आपल्या मुलाला कुणी तरी नीट बघितलं, हे अनेक आयांच्या वाट्याला पहिल्यांदाच येतं. घाई करू नका, त्या वेळी रडू येतं.

दोन गोष्टी घरच्यांना आवर्जून सांगा. स्टेम सेलची इंजेक्शनं, शरीरातले धातू काढणारी औषधं, 'सहा महिन्यांत बरा' अशा जाहिराती : लाखो रुपये जातात आणि जिवाला धोकाही होतो. ऑटिझमवर उपचार म्हणून यांना वैद्यकीय आधार नाही. दुसरं, 'ऐकतो' हेच ध्येय ठेवू नका. कुणीही काहीही सांगितलं तरी ऐकायचं असं शिकलेलं मूल वाईट स्पर्शालाही नाही म्हणू शकत नाही. नको म्हणायला शिकवा, शब्दाने, हाताने, कार्डाने, आणि ते नको घरात मान्य करा.

कागदपत्रांसाठी शेवटची पंधरा मिनिटं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि ऑटिझम त्यांत आहे. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढायचं. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. अठरा पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालकत्वाचा प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे जातो, पण आधी विचार करा की पालकत्व घ्यायलाच हवं का. थोडा आधार मिळाला तर अनेक जण आपले निर्णय स्वतः घेतात.

१०. तीन आठवड्यांनी परत जा

एका दिवसाचं प्रशिक्षण महिनाभरात विरून जातं. म्हणून तीन आठवड्यांनी प्रत्येकाच्या कामाच्या जागी जा आणि तीन महिन्यांनी पुन्हा. चाचणी घेऊ नका. पहिल्या दिवशी लिहिलेला तो आठवड्याचा कागद काढा आणि 'अडतं' लिहिलेल्या प्रत्येक ठिकाणी विचारा. केस कापून झाले का? रिक्षातून शाळेत जाताना रडणं किती दिवस होतं, आता किती? वर्गात त्याला कुणी खेळायला घेतं का? आणि शक्य त्या मार्गाने त्या मुलालाही विचारा. फोटो पुढे ठेवले तर आवडती आणि नावडती जागा बहुतेक मुलं दाखवतात.

जिथे अजून अडतंय तिथे तासभर बसून बघा. बहुतेकदा थांबण्याचा सराव सुटलेला असतो, किंवा पाटीवरचे फोटो जुने झालेले असतात. दुसरा गट जमवाल तेव्हा पहिल्या गटातल्या एकाला शिकवायला उभं करा, आणि शिक्षकांऐवजी रिक्षाकाका किंवा मावशी निवडा. त्यांचं ऐकून बाकीचे पटकन तयार होतात.